जमिनीपर्यंत वाकणारा गुडघा

शंकेखोर : गुडघे धरलेला माणूस धुळ्यात कुठल्याही दवाखान्यात गेला, तरी तीन गोष्टी ऐकूनच बाहेर पडतो : मांडी घालू नका, उकिडवं बसू नका, जिना टाळा. आपल्याकडे हा सल्ला फारसा कुणी पाळत नाही, कारण आपलं जगणंच जमिनीवरचं आहे. लग्नाची पंगत जमिनीवर, कानबाईच्या सणातले रोट जमिनीवर बसून खायचे, शेतातली निंदणी जमिनीला भिडून आणि गावोगावचे संडास उकिडवं बसण्याचे. मला मात्र तो सल्ला रास्त वाटतो. माणूस दोन पायांवर उभा राहिला आणि चार पायांत वाटलेलं वजन दोन पायांच्या सांध्यांवर आलं. त्यात सगळ्यात उघडा पडला तो गुडघा. खुब्याला कटीच्या हाडातली खोल उखळ आहे, घोट्याला दोन्ही बाजूंनी हाडाची पकड आहे. गुडघ्यात मात्र मांडीच्या हाडाची दोन गोल टोकं नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर नुसती टेकलेली असतात. धरून ठेवण्याची सगळी भिस्त अस्थिबंधांवर आणि स्नायूंवर. आणि भार किती? बर्लिनच्या संशोधकांनी काही रुग्णांच्या कृत्रिम गुडघ्यातच मोजणारी यंत्रणा बसवली. सपाट रस्त्यावर चालताना वजनाच्या अडीच पटींहून जास्त आणि जिना उतरताना साडेतीन पटींच्या जवळपास भार नोंदला गेला. साठ किलोची बाई जिना उतरते तेव्हा तिच्या गुडघ्यावर दर पावलाला दोनशे किलो येतात. एवढ्यावर त्याला पूर्ण दुमडून जमिनीपर्यंत न्यायचं, तेही रोज, हा हट्ट कशासाठी?

कैवारी : तुम्ही ज्याला उघडं पडणं म्हणता, त्यातच गुडघ्याची सगळी करामत आहे. शाळेच्या पुस्तकात त्याला बिजागरीचा सांधा म्हणतात, पण तो एकाच आसावर फिरत नाही. मांडीच्या हाडाची टोकं त्या सपाट माथ्यावर घरंगळतात आणि त्याच वेळी घसरतातही. गुडघा दुमडत जाईल तसं टेकण्याचं ठिकाण मागे मागे सरकतं. माथा खोल असता तर हे सरकणं झालंच नसतं आणि आपण नव्वद अंशांवर अडकलो असतो. माथ्यावर चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आहेत. त्या सपाट जागेला थोडी खोली देतात, भार पसरवतात आणि गुडघ्याबरोबर स्वतःही मागेपुढे सरकतात. आत एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध आहेत, एक नडगीला पुढे निसटू देत नाही आणि दुसरा मागे. पाय सरळ करताना शेवटच्या वीसेक अंशांत नडगी किंचित बाहेरच्या बाजूला वळते आणि गुडघा कुलूपबंद होतो. वर खुब्याच्या समोर शरीरातला सर्वात बळकट अस्थिबंध ताणून उभा असतो. म्हणून तासभर एसटीची वाट पाहत उभं राहिलं तरी मांडीच्या स्नायूंना फार कष्ट पडत नाहीत. बसायची वेळ आली की गुडघ्यामागचा एक छोटा स्नायू ते कुलूप उघडतो. आणि वाटी! मांडीच्या स्नायूचा दोर हाडापासून दूर ठेवून ती त्याची ताकद वाढवते. शरीरातली सर्वात जाड कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचं गुळगुळीत आवरण, या वाटीच्या पाठीमागे आहे. इतका दाब सोसायचा, म्हणून इतकी जाड.

आता तुमच्या मुख्य मुद्द्याकडे येतो. कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतूही नाहीत. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. भार आला की स्पंजासारखं आतलं पाणी बाहेर येतं, भार सुटला की नवा द्रव आत ओढला जातो. भारच आला नाही तर ती उपाशी राहते. मणक्याला इजा होऊन पाय लुळे पडलेल्यांच्या गुडघ्यांची तपासणी झाली, तेव्हा न वापरलेली कूर्चा पातळ होत गेलेली दिसली. सांधा जपायचा म्हणून त्याला बसवून ठेवलं, तर तो जपला जात नाही.

शंकेखोर : पोषण मिळतं हे मान्य. पण पोसली जाणारी प्रत्येक गोष्ट दुरुस्त होतेच असं नाही. कूर्चेला पाणी धरून ठेवायला मदत करणारी द्रव्यं पेशी नव्याने तयार करतात, पण तिचा सांगाडा म्हणजे कोलॅजनची जाळी. १९५० आणि ६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांमुळे हवेत वाढलेल्या किरणोत्सारी कार्बनच्या खुणा वापरून डेन्मार्कच्या संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवलं, की वाढीचं वय संपल्यावर गुडघ्याच्या कूर्चेतलं कोलॅजन जवळपास बदलतच नाही. विशी गाठताना जी जाळी हाती येते, तीच सत्तरीपर्यंत पुरवायची. गाद्यांचंही तसंच. त्यांच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्तपुरवठा आहे, आतला भाग फाटला तर तो आपणहून भरत नाही. एके काळी फाटलेली गादी सरळ काढून टाकत. १९४८ मध्ये फेअरबँक या ब्रिटिश शल्यविशारदाने अशा गुडघ्यांच्या क्ष-किरण चित्रांत पुढे होणारे बदल नोंदवले : कडांना हाड वाढतं, सांध्यातली जागा अरुंद होते. आपल्याकडे ज्याला लोक ‘गॅप कमी झाला’ म्हणतात, तेच.

आणि उकिडवं बसण्याविषयी तर थेट पुरावाच आहे. बीजिंगमध्ये साठीपुढच्या लोकांचा मोठा अभ्यास झाला. पंचविशीत असताना रोज किती वेळ उकिडवं बसत होतात, असं त्यांना विचारलं. तीन तासांहून जास्त बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अर्ध्या तासापेक्षा कमी बसणाऱ्यांच्या सुमारे दुप्पट निघाली. २००४ सालचा हा निष्कर्ष आहे. मला तो वाचताना आपल्या बाजरीच्या आणि भुईमुगाच्या शेतातल्या बाया दिसतात. हातात विळा घेऊन, दुमडलेल्या पायांवरच ओळीतून पुढे सरकत जाणाऱ्या. त्यांचे तास तीनच्या कितीतरी पुढे जातात.

कैवारी : त्याच बीजिंगच्या लोकांचे खुबे मात्र तुम्ही गाळलेत. त्याच अभ्यासाचा २००२ चा भाग सांगतो, की अमेरिकेतल्या गोऱ्या लोकांच्या तुलनेत त्यांच्यात खुब्याची झीज ऐंशी ते नव्वद टक्के कमी होती. आयुष्यभर जमिनीवर बसणाऱ्यांचे खुबे टिकले आणि खुर्चीत बसणाऱ्यांचे झिजले. खुब्याचा गोळा उखळीत सगळीकडे फिरू शकतो. खुर्चीत त्याचा थोडाच भाग वापरला जातो, मांडी घालताना आणि उकिडवं बसताना तो कडेपर्यंत फिरतो. या वापराचा वाटा मला नाकारता येत नाही.

शिवाय उकिडवं बसणं शरीराला परकं नाही. १८९३ मध्ये लाहोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणाऱ्या हॅवलॉक चार्ल्स यांनी पंजाबी माणसांच्या पायांची हाडं अभ्यासली. नडगीच्या खालच्या टोकाच्या पुढच्या कडेला आणि घोट्याच्या हाडाच्या मानेवर त्यांना गुळगुळीत छोटे पृष्ठभाग आढळले. पूर्ण दुमडल्यावर ही दोन हाडं एकमेकांना टेकतात, आणि टेकण्याची ती जागा हाडावर तयार झालेली असते. आजही पुरातत्त्वाचे अभ्यासक उत्खननातल्या सांगाड्यांवर याच खुणा पाहून सांगतात, की ही माणसं उकिडवी बसत होती. बसण्याच्या पद्धतीला हाडाने जागा करून दिली.

शंकेखोर : चार्ल्स यांचं पुढचं लेखनही बघा. तसेच पृष्ठभाग त्यांना जन्मलेल्या आणि न जन्मलेल्या बाळांच्या हाडांवरही दिसले. ती बाळं कुठे उकिडवी बसली होती? चार्ल्स यांनी त्यावरून मिळवलेला गुण पुढच्या पिढीत उतरतो की काय, अशी चर्चा मांडली. पुढे युरोपीय गर्भांतही अशा खुणा आढळल्याचं नोंदलं गेलं, म्हणजे जन्मतः बहुतेकांना त्या असाव्यात आणि खुर्चीवर वाढणाऱ्यांत पुढे पुसल्या जात असाव्यात. तेव्हा हाडाने जागा करून दिली असं म्हणण्यापेक्षा जागा आधीच होती, ती वापरून टिकली, एवढंच म्हणता येईल. आणि खुब्यांचं म्हणाल तर बीजिंगचा माणूस आणि अमेरिकेतला गोरा माणूस यांत बसण्याव्यतिरिक्तही फरक आहेत. खुब्याच्या गोळ्याचा आणि मानेचा आकारच दोन्हीकडे सरासरीने वेगळा आहे. कडेशी घासणारा आकार झिजतो. त्याचं श्रेय बसण्याला देताना मी जरा थांबेन.

कैवारी : तुमची दुरुस्ती माझ्याच बाजूने जाते. आधीपासून असलेली जागा वापराने टिकते आणि न वापरल्याने जाते, मी हेच तर सांगतो आहे. आणखी एक पुरावा पाहा. अमेरिकेतल्या दोन हजारांहून अधिक सांगाड्यांचे गुडघे तपासून २०१७ मध्ये एक निष्कर्ष निघाला : वय आणि वजन यांचा हिशेब धरूनही, विसाव्या शतकाच्या मध्यानंतर गुडघ्याच्या झिजेचं प्रमाण सुमारे दुप्पट झालं. आधीचे लोक कमी श्रम करत होते का? ते जास्त चालत होते, जास्त वाहत होते. झीज फक्त वापराने होत असती तर आकडे उलटे दिसायला हवे होते.

आणि उकिडव्या बसण्यातही एक बारकावा आहे, तो दवाखान्याच्या तीन सूचनांत मावत नाही. गुडघा अर्धा वाकवून तोलणं आणि पूर्ण दुमडून विसावणं या वेगळ्या गोष्टी आहेत. अर्ध्या वाकण्यात सगळा भार मांडीच्या स्नायूने आणि वाटीने झेलायचा असतो. पूर्ण दुमडल्यावर मांडीचा मागचा भाग पोटरीवर टेकतो आणि भाराचा एक वाटा हाडांना वळसा घालून मांसावरून जातो. भाकरी थापताना, गप्पा मारताना निवांत उकिडवं बसलेल्या म्हातारीचा गुडघा आणि आखाड्यात शंभर बैठका मारणाऱ्या पोराचा गुडघा यांवरचा ताण एकच समजू नका.

शंकेखोर : हा भेद मला पटतो, आणि त्यामुळे माझा प्रश्न आणखी टोकदार होतो. निवांत बसणारी म्हातारी आणि निंदणीची बाई यांतला भेद कोण करणार? वापराचे गोडवे गाणारे बहुतेक जण स्वखुशीने वापर करणारे असतात. धावणाऱ्यांबद्दलचा आकडा तुम्ही आता सांगालच : हौसेने धावणाऱ्यांत गुडघा-खुब्याची झीज साडेतीन टक्के, बसून राहणाऱ्यांत दहा टक्क्यांच्या वर. पण हा आकडा ज्या २०१७ च्या आढाव्यातला आहे, त्याच आढाव्यात स्पर्धेसाठी धावणारे तेरा टक्क्यांच्या पुढे होते. हौस आणि स्पर्धा यांच्यातला तो फरक मला शेतात दिसतो. चैत्रात सप्तशृंगीला पायी निघणारी आपल्याकडची माणसं कडक उन्हात कित्येक दिवस चालतात, पाय सुजतात, परत येऊन आठवडाभर विसावतात. निंदणीच्या बाईला तो आठवडा मिळत नाही. तुमच्या त्या स्पंजाला पाणी परत ओढून घ्यायला वेळ हवा. वेळच दिला नाही तर पोषणाचा सगळा सिद्धांत उलटा फिरतो.

कैवारी : वेळ हवा, आणि बळही हवं. या बाबतीत आपले दवाखाने कमी पडतात असं मला वाटतं. काय करू नका हे सांगतात, काय करा हे क्वचितच. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा झाला की लालिंगचा किल्ला उतरताना प्रत्येक पावलाचा धक्का थेट सांध्यात जातो. तो स्नायू उतरताना ताणत ताणत भार सोडतो, म्हणून चढण्यापेक्षा उतरणं गुडघ्याला जड जातं. वजन एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी कमी होतो, हेही मोजून झालेलं आहे. खुब्याचं तर आणखी सोपं आहे. एका पायावर उभं राहिलं की खुब्याच्या बाहेरच्या स्नायूला कंबर तोलून धरावी लागते. त्या ओढीमुळे खुब्यावर वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. म्हणून काठी दुखऱ्या बाजूच्या हातात धरायची नसते, दुसऱ्या हातात धरायची. उजवा खुबा दुखत असेल तर काठी डाव्या हातात. आपल्या गावांत किती म्हातारे उलट्या हातात काठी धरून लंगडतात! बिनपैशाचं हे औषध कुणी सांगत नाही. आणि घोटा ताठर झाला असेल तर टाचा टेकवून उकिडवं बसताच येत नाही. मग माणूस चवड्यांवर तोलतो आणि बिल मात्र गुडघ्याच्या नावावर फाडलं जातं.

शंकेखोर : तुमच्या या सगळ्या चित्रात सांधा म्हणजे भार आणि वापर. मला एक वेगळा खुबा तुमच्यापुढे ठेवायचा आहे. शिरपूर, साक्री आणि शेजारच्या नंदुरबारच्या भिल्ल आणि पावरा वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. आई-वडील दोघांकडून तो उतरला तर तांबड्या पेशी प्राणवायू कमी पडला की कोयत्यासारख्या वाकड्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मांडीच्या हाडाच्या गोळ्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या मुळातच मोजक्या आणि अडचणीच्या वाटेने जाणाऱ्या. त्या तुंबल्या की गोळ्याचं हाड आतून मरतं आणि वरचा गोलाकार खचतो. पंचविशीतला मुलगा लंगडायला लागतो. त्याने सांधा जास्त वापरला नाही, कमीही वापरला नाही. मांडी घालू नका आणि खूप चाला, हे दोन्ही सल्ले त्याच्या उपयोगाचे नाहीत. त्याला हवी आहे ती वेळेवर रक्ततपासणी. सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सुरू झालं. त्याआधीच्या पिढीच्या खुब्यांचं काय? आपण सांध्यांबद्दल बोलताना नेहमी मध्यमवयीन, शहरातल्या, वजन वाढलेल्या माणसाचा गुडघा डोळ्यापुढे ठेवतो.

कैवारी : हे तुम्ही बोललात ते बरं झालं. सांध्याचं आरोग्य सांध्यापाशी सुरू होत नाही, हे मी मानतो. त्या मुलाला विशी-पंचविशीतच कृत्रिम खुबा बसवायची वेळ येते आणि तो आयुष्यभर पुरेल असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

पण कृत्रिम सांध्याचा विषय निघालाच आहे तर माझं मूळ दुखणं सांगतो. १६ ऑगस्ट २०१७ रोजी केंद्राच्या औषध किंमत प्राधिकरणाने गुडघ्याच्या रोपणाची किंमत बांधून दिली. कोबाल्ट-क्रोमियमचा सर्वसाधारण संच, जो आधी दीड लाखाच्या वर छापील किमतीला मिळत होता, तो कराशिवाय ५४,७२० रुपयांवर आला. धुळे-जळगावच्या मध्यम शेतकऱ्याच्या घरात ही शस्त्रक्रिया आता विचारात घेतली जाते, ही मोठी गोष्ट आहे. दुखणं जातं, चालता येतं. पण नेहमीचा कृत्रिम गुडघा साधारण एकशेदहा-वीस अंशांपर्यंत वाकतो. २००६ मध्ये चेन्नईच्या लोकांवर मोजमापं झाली, तेव्हा उकिडवं बसताना गुडघा दीडशे अंशांच्या पुढे जातो असं दिसलं. मधल्या तीस-चाळीस अंशांत आपली पंगत आहे, पूजा आहे, नातवाला मांडीवर घेणं आहे. खुर्चीवर जगणाऱ्या समाजात जन्मलेला हा गुडघा आपल्याला बसवला जातो आणि मग आपल्या घराने त्याच्या मापाचं व्हायचं. याच देशात १९६८ च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी कृत्रिम पाऊल घडवलं. अनवाणी चालता यावं, चिखलात जाता यावं, उकिडवं आणि मांडी घालून बसता यावं, ही त्यांची सुरुवातीपासूनची अट होती. आधी माणूस कसा बसतो ते पाहिलं, मग वस्तू केली. गुडघ्याच्या बाबतीत जास्त वाकणारे नमुने आले, पण ती अट मूळ मापातच धरून काम झालं असं मला वाटत नाही.

शंकेखोर : जास्त वाकणाऱ्या नमुन्यांनी प्रत्यक्षात फार मोठा फरक पाडला नाही, हेही सांगा. आणि वाकला तरी त्या खोल कोनात प्लॅस्टिकच्या छोट्याशा जागेवर प्रचंड दाब येतो, तिथे रोपण लवकर सैल पडण्याची भीती आहे. शल्यविशारद जमिनीवर बसू नका म्हणतो तेव्हा तो आपल्या संस्कृतीला नावं ठेवत नसतो, तो दुसरी शस्त्रक्रिया टाळत असतो. वेदना गेलेला, वीस वर्षं टिकणारा, खुर्चीपुरता गुडघा आणि जमिनीपर्यंत जाणारा पण दहाव्या वर्षी पुन्हा उघडावा लागणारा गुडघा, यांतला कोणता चांगला? मी पहिला निवडेन.

कैवारी : तुम्ही निवडाल, कारण तुमच्या घरात कमोड आहे आणि जेवायला टेबल आहे. स्वच्छ भारत अभियानात खेड्यापाड्यांत जे संडास झाले, ते बहुतेक खाली बसण्याचे. शस्त्रक्रिया झालेल्या बाईला रोज सकाळी त्यावर बसायचं आहे. तिच्या दृष्टीने चालता येणं आणि खाली बसता येणं यांत मोठं-धाकटं ठरवता येत नाही. म्हणून ‘कुठे दुखतं’ याच्या बरोबरीने ‘रोज कुठे बसावं लागतं’ हा प्रश्न शस्त्रक्रियेच्या आधी विचारला गेला पाहिजे.

शंकेखोर : विचारला, आणि ती म्हणाली ‘निंदणीला’, तर? तिथे तुमचा चांगला गुडघाही पुरत नाही, माझा टिकाऊ गुडघाही पुरत नाही. दर दहा मिनिटांनी उठून पाय सरळ कर, असं तुम्ही तिला सांगाल. पण उक्त्यावर काम घेतलेल्या टोळीत उठणारी बाई ओळीत मागे पडते. उभ्याने चालवायचं सायकल कोळपं ओळींमधलं गवत काढतं, रोपाच्या बुडाशी हातच लागतो. तिचा गुडघा वाचवायचा तर उक्त्याचा दर, दिवसाचे तास आणि विश्रांती यांबद्दल बोलावं लागेल. ती चिठ्ठी दवाखान्यातून मिळत नाही.

कैवारी : ते बोलायला मी तुमच्यासोबत येईन. पण शेतातल्या सक्तीचा राग घरातल्या बसण्यावर काढू नका. सहा तास विळा धरून दुमडलेला गुडघा आणि जेवताना वीस मिनिटं घातलेली मांडी यांना एकाच सूचनेत बांधलं, तर शेत सुटत नाही आणि पंगत मात्र सुटते. ती पंगत सुटली की खुबा, घोटा, मांडीचा स्नायू यांना दिवसातून एकदा मिळणारं पूर्ण फिरणंही सुटतं.

शंकेखोर : आणि मी म्हणतो, सहा तास दुमडून आलेल्या गुडघ्याला त्या वीस मिनिटांत तरी खुर्ची द्या. शेतात न वाकणाऱ्यांनी खुशाल मांडी घालावी. निंदणीच्या बाईला मात्र तुमचा सल्ला लागू पडतो की माझा, हे तिचा गुडघा चाळिशीत तपासल्याशिवाय ठरणार नाही. आणि आपल्याकडे तो साठीत तपासला जातो.